नदीच्या उलट, शरणपूरला

सिरोंच्याला या. आलापल्लीहून एसटीनं आलात तर अंग आंबून गेलेलं असेल, पण त्यावरचा इलाज समोरच वाहतो आहे. चपला काठावर काढा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि संगमात उतरा. उत्तरेकडून येतं आहे ते पाणी आपलं, घरचं. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, इरई, झरपट या सगळ्यांना पोटात घेऊन प्राणहिता इथवर आली आहे. पश्चिमेकडून येणारं पाणी मात्र लांबचं आहे. ती गोदावरी. त्र्यंबकच्या डोंगरातून निघून, नाशिकच्या रामकुंडातून हजारो माणसांचे हात-पाय धुऊन ती तुमच्या पोटऱ्यांपर्यंत पोचली आहे.

आता तोंड पश्चिमेला करा. आपल्याला तिच्या उलट्या अंगानं जायचं आहे, वर, आणि जाता जाता वर्षंही मागं टाकायची आहेत.

घाबरू नका, पोहता आलंच पाहिजे असं नाही. नांदेडचा घाट गेला, गंगाखेड गेलं. पैठणला जायकवाडीची भिंत आडवी येणार नाही, कारण ती बांधणाऱ्यांचे आजोबाही अजून जन्मलेले नाहीत. पुणतांबे, कोपरगाव. पाणी उथळ होत चाललं, खडक वर आले, तांब्यावर हातोडी पडल्याचा आवाज यायला लागला की पाय टेका. तुम्ही नाशकात आहात आणि साल आहे १८६५. पावसाळा सरता सरता ऊन असं काही चटकतं आहे की चंद्रपूरच्या माणसानंही टोपी मागावी.

इथं का आणलं, ते चालता चालता सांगतो. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं, सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्टांचं. त्यामुळे आपल्याकडच्या माणसासमोर मिशन म्हटलं की शाळा, दवाखाना, कौलारू बंगला असं एक चित्र उभं राहतं. त्या चित्रात देणारा नेहमी गोरा असतो आणि घेणारा काळा. आफ्रिकेच्या चर्चबद्दल तर हे आपण डोळे मिटून धरून चालतो. पण त्या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर जी ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, तिच्या पायातले काही दगड या गोदाकाठी घडले. घडवले ते आफ्रिकेच्याच पोरांनी, मराठी गावात राहून. हे मला कळलं तेव्हापासून मला राहवत नाही. म्हणून तुम्हाला ओलं केलं.

तर आधी बाजार. नाक तयार ठेवा. भांडी घासायला काढलेल्या चिंचेचा आंबट वास, त्यात ताज्या शेणाचा, त्यात कुजलेल्या झेंडूचा. तांबट आळीतून जाताना कानांवर हात ठेवावेसे वाटतील, ठेवा. एकाच वेळी वीस-पंचवीस हातोड्या पडत असतात आणि त्यातला एक माणूस शेजाऱ्याशी निवांत गप्पाही मारत असतो, ते कसं जमतं त्यालाच ठाऊक. भिक्षुकांची घाई, ओल्या धोतरांचा सपसप आवाज, एका गाईनं अडवलेली पूर्ण गल्ली. कोणी तुम्हाला विचारलं, “कुठले आपण?” तर “चांद्याचे” म्हणा. ते लांब आहे एवढं त्यांना कळतं. जंगल आहे हेही कळतं. तुमच्याकडे थोडं वळून बघतील, बघू द्या.

आता गाव मागं टाकून पश्चिमेला चला. मैलभर. बाजरी कणसात आली आहे आणि वाऱ्यावर तिचा तो कोरडा, धुळकट, गोडसर वास आहे. चिखल वाळून त्यावर बैलांच्या खुरांचे ठसे घट्ट झाले आहेत, जपून पाय टाका. समोर झाडांमध्ये घरांच्या रांगा दिसतात ते शरणपूर. नावातच सगळं आलं: शरण आलेल्यांचं गाव. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं ते १८५०च्या दशकात वसवलं. धर्म बदलला म्हणून ज्यांना गावानं विहिरीवरून हाकललं, घरच्यांनी दाराबाहेर काढलं, ती माणसं इथं आली. अनाथ पोरं आली. एकाच विहिरीवर सगळ्यांचे पोहरे पडतात. या काळात ही गोष्ट केवढी मोठी आहे ते त्या पोहऱ्यांच्या आवाजावरून कळणार नाही, तो कुठल्याही विहिरीवरच्या पोहऱ्यासारखाच आहे.

आणि मग ती मुलं दिसतात.

तुम्ही थबकाल. दहा-बारा वर्षांची, काही मिसरूड फुटलेली, जाड सुती सदरे घातलेली, कुरळ्या केसांची पोरं. एक पेरू खातो आहे. दोघं पाण्याची कावड घेऊन चालले आहेत आणि डावीकडचा मुद्दाम हेलकावा देतो आहे, उजवीकडच्याचे पाय भिजावेत म्हणून. नाशिकचे लोक त्यांना सरसकट सिद्दी म्हणतात. महाराष्ट्राला हबशी माणूस नवा नाही. जंजिरा आहे, मलिक अंबर होऊन गेला आहे. पण ही पोरं तलवार घेऊन आलेली नाहीत. आफ्रिकेच्या आतल्या भागातून त्यांना धरून किनाऱ्यावर आणलं, विकलं, गलबतात कोंबलं. अरबी समुद्रात इंग्रजांच्या आरमारानं ती गलबतं अडवली आणि सोडवलेली माणसं मुंबईला उतरवली. मोठे गोदीत नाहीतर बोटींवर कामाला लागले. पोरांचं काय करायचं? सरकारनं त्यातली काही मिशनच्या पदरात टाकली. मिशननं ती इथं आणली.

सुतारशाळेत चला, तिथं सावली आहे.

दारातच तुमच्या नाकाला ओळख पटेल. सागाचा भुसा! आलापल्लीच्या लाकूड डेपोतला तोच तेलकट, किंचित चामड्यासारखा वास. क्षणभर तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. रंधा चालतो आहे, त्याच्या तोंडातून पातळ साली गुंडाळत बाहेर पडतात आणि एक लहानगा त्या कानात अडकवून फिरतो आहे. पलीकडे लोहारशाळेचा भाता फुसफुसतो, ऐरणीवर घण पडला की जमीन टाचेखाली थरथरते. उकाडा असा की सदरा पाठीला चिकटून बसतो. तहान लागली असेल तर कोपऱ्यातल्या माठातलं पाणी घ्या. वाळ्याचा वास नाही, पण गार आहे.

त्या खिडकीजवळच्या पोराशेजारी बसा. तो बैलांचं जू घडवतो आहे. लाकूड दोन गुडघ्यांत धरून वाकसानं खोबण काढतो, मग बोटानं आतून चाचपतो, पुन्हा थोडं तासतो. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर तुम्हाला कळेल तो काय करतो आहे: जिथं लाकूड बैलाच्या मानेला टेकतं तिथं एकही कंगोरा राहू नये. तो फार वेळ घेतो आहे. शेजारच्यानं दोन खुंट्या पुऱ्या केल्या, हा अजून तिथंच. शिकवणारा मिस्त्री ओरडतो, “अरे, बैलाला कोण आरसा दाखवणार आहे?” सगळे हसतात, पोरगाही हसतो आणि बोट पुन्हा खोबणीत घालतो.

मग घाम पुसायला तो मान वळवतो आणि तुम्हाला त्याच्या मानेवरचा पट्टा दिसतो. कातडी तिथं गुळगुळीत आहे, चकाकते. गुलामांचे तांडे किनाऱ्याकडे नेताना मानेत झाडाची बेचकी घालतात, पुढं खिळा ठोकून बंद करतात, आणि तिचं लांब टोक पुढच्याच्या बेचकीला बांधतात. ओलं लाकूड, जड. तसं शेकडो मैल चालायचं. या पोराला जू म्हणजे काय ते लाकडाच्या बाजूनं नाही, मानेच्या बाजूनं ठाऊक आहे.

तुम्ही काही बोलू नका. तो तुम्हाला एक साल देईल, गुंडाळीची. ती खिशात ठेवा.

जेवायला बाजरीची भाकरी आणि पातळ वरण. हात धुवायला रांग, रांगेत ढकलाढकली. कान द्या, इथं एका वाक्यात तीन भाषा येतात. बाजारात शिकलेली मराठी, मुंबईहून आणलेली हिंदुस्तानी, वर्गातली इंग्रजी, आणि त्यांच्या तळाशी, भांडताना आणि झोपेत वर येणारी, घरची. अनेकांची घरची भाषा याओ आहे, न्यासा सरोवराच्या बाजूची. तीत बोलायला दुसरा मिळाला तर ठीक, नाहीतर ती आतल्या आत विरघळते. तुम्ही भामरागडकडच्या आश्रमशाळेत कधी गेला असाल तर हे तुम्हाला नवं नाही. माडिया पोर पहिल्या दिवशी वर्गात बसतं आणि गुरुजी म्हणतात, “पेन काढा.” त्याच्या भाषेत पेन म्हणजे देव. देव काढा? दप्तरातून? ते भांबावून बघत राहतं आणि गुरुजींना वाटतं पोरगं मंद आहे.

शरणपूरच्या पोरांचंही तेच. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमच्याकडे देवाला काय म्हणतात. म्हणत होते. मुलुंगू म्हणत होते. झाडाच्या बुंध्याशी पिठाची लहानशी रास हळूच ओतून पूर्वजांना हाक मारत होते. नवं खाण्याआधी पेनचा वाटा काढणाऱ्या आपल्या गावांना ती पिठाची रास समजावून सांगावी लागणार नाही. पुढं शंभर वर्षांनी जॉन म्बिटी नावाचा केनियाचा धर्मशास्त्रज्ञ अख्खे ग्रंथ लिहून मांडणार आहे की देवाची ओळख आफ्रिकेला मिशनऱ्यांच्या आधीपासून होती. पण इथं, या रांगेत, भाकरीची वाट बघणाऱ्या पोरांना ते आत्ताच माहीत आहे. फक्त ते सांगायला त्यांच्याकडे शब्द शिल्लक राहत नाहीत.

नावंही राहिली नाहीत. हजेरी ऐका: सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग. प्राइस कोण ते तुम्हाला कळलंच आहे. आयझेनबर्ग मुंबईतला जर्मन मिशनरी होता, या पोरांसाठी झटलेला. प्रेमानं दिलेली नावं आहेत, हे मी मानतो. तरीही ऐकताना माझ्या घशाशी काहीतरी येतं. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून जो पोरगा इथं शिकला त्याचं आईनं ठेवलेलं नाव चेंग्विंबे होतं. एका बाजारात माणसाचं नाव पुसून किंमत लिहितात आणि दुसरीकडे त्याला वाचवून नाव देतात, पण ते दुसऱ्याचं असतं. दोन्ही गोष्टी सारख्या मुळीच नाहीत. पण दोन्हीत पोराला कोणी विचारलेलं नाही.

दुसरा दिवस रविवार. घंटा वाजते. चर्चमध्ये मागच्या बाजूला जागा धरा, पुढं मुलं आहेत. धुतलेल्या सुताचा, खोबरेल तेलाचा, घामाचा वास. बाया एका बाजूला, डोईवर पदर. तान्हं रडतं, आई ते बाहेर नेते, पुन्हा आत आणते. मराठी भजनाचा सूर ओळखीचा, शब्द नवे. गरम हवा छताखाली अडकून राहिली आहे आणि प्रवचन लांबत चाललं आहे. तुमच्या डोळ्यांवर झापड येईल. येऊ देऊ नका, कारण आता बायबलातलं ‘निर्गम’ येतंय.

मिसर देशातली गुलामगिरी. विटा थापणारी माणसं, पाठीवर फटके, आणि त्यांचा आक्रोश ऐकून खाली उतरलेला देव. इंग्लंडातल्या चर्चमध्ये ही गोष्ट ऐकणारा माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन मांस भाजतो. या बाकांवर काय होतं ते बघा. कावड हेलकावणारा तो वांड पोरगा ताठ बसला आहे. समुद्र दुभंगून लोक पार झाले म्हणताना लहानग्यांपैकी एक जण पाय जवळ ओढून घेतो. समुद्र त्यानं पाहिला आहे, गलबताच्या पोटातून, फळ्यांच्या फटीतून.

मग येशूचं वचन येतं, थकलेल्या-भागलेल्यांना जवळ बोलावणारं, माझं जू घ्या, ते सोयीचं आहे अशा अर्थाचं. सुतारशाळेतला आपला पोरगा खाली बघतो आहे. त्याच्या अंगठ्याशेजारचं बोट बाकाच्या कडेवरून फिरतं आहे, कंगोरा शोधत. मी पाद्र्यांची पुस्तकं वाचली आहेत, मोक्ष, पाप, कृपा यांवर जाड जाड खंड आहेत. पण धर्मशास्त्र म्हणजे नेमकं काय घडतं ते मला त्या बोटात दिसतं. सुताराच्या घरात वाढलेला एक देव, आणि मानेवर वळ असलेला एक सुतार. कुणी कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही.

संध्याकाळी गडबड उडते. मुंबईहून पाहुणा आला आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टन. पन्नाशी उलटलेला, उन्हानं रापून लाकडासारखा झालेला, सोनेरी पट्टीची निळी टोपी, डावा हात अवघडलेला. तो सिंहानं चावला होता. पोरं त्या हाताकडेच बघताहेत. तो आफ्रिकेत परत निघाला आहे, नाईलचा उगम शोधायला, आणि त्याला त्या मातीतली माणसं हवी आहेत. कोण येतं?

नऊ जण निघतात. विचार करा, जिथून बेचकी घालून ओढून आणलं तिथंच पुन्हा, स्वतःच्या पायांनी. १८६६च्या जानेवारीत ते झांझिबारला उतरतील. पुढं लिव्हिंगस्टन आपल्या रोजनिशीत या नाशिकच्या पोरांबद्दल बरंच कडवट लिहिणार आहे: आळशी आहेत, कामाची नाहीत. काही खरंच सोडून गेले, एक-दोघं मेले. पण एडवर्ड गार्डनर आणि मबरुकी हे दोघं सात वर्षं त्याच्यामागं चालले. रोजनिशी लिहिणाऱ्याकडे लेखणी होती, चालणाऱ्यांकडे नव्हती, हे ती वाचताना लक्षात ठेवावं लागतं.

खिशातली साल चाचपा. आहे? मग डोळे मिटा. आता नदी नाही, सरळ समुद्र ओलांडायचा आहे.

उघडा. पाऊस नुकता थांबला आहे. गवत छातीपर्यंत, पायाखाली दलदल, डास असे की तोंड उघडायची सोय नाही. १८७३चा मे महिना, चितांबो नावाच्या प्रमुखाचं गाव, आजच्या झांबियात. लिव्हिंगस्टन झोपडीत गुडघ्यांवर वाकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला आहे. बाहेर साठेक माणसं आहेत आणि त्यांना ठरवायचं आहे की आता काय. पुरून मोकळं होता आलं असतं. प्रेत घेऊन चालायचं म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक गावाशी भांडण, कारण परक्याचं मढं गावातून नेऊ देत नाहीत. तसं आपल्याकडेही देत नाहीत. तरी लिव्हिंगस्टनचे जुने सोबती चुमा, सुसी आणि बाकीचे ठरवतात: न्यायचं, त्याच्या माणसांपर्यंत.

मागच्या वर्षी मदतीला म्हणून नाशिकचे आणखी सहा जण लिव्हिंगस्टनला येऊन मिळाले आहेत. त्यांच्यातला कारस फरार आणि फरिजाला नावाचा दुसरा एक सोबती कुडाच्या आडोशामागं शरीर उघडतात. वास येईल, पदर किंवा रुमाल नाकाला लावा. काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात ठेवतात, शरीरात मीठ भरतात. मग चौदा दिवस ते उन्हात वाळवायचं आहे. माशा. मिठाचा तो उग्र, समुद्राकाठच्या सुकटीसारखा वास.

डबा एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पुरतात. सगळे गोळा झाले आहेत. जेकब वेनराइट पुढं येतो. शरणपूरचा, जातीनं याओ, विशीतला असेल. त्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक आहे. तो इंग्रजीतला अंत्यविधी मोठ्यानं वाचतो. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना एक शब्द समजत नाही, तरी सगळे उभे आहेत. आवाज स्वच्छ आहे, मधेच किंचित ओढतो, ज्या ठिकाणी नाशिकच्या वर्गात थांबायला शिकवलं असेल त्या ठिकाणी थांबतो. मग तो पटाशीसारखं काही हातात घेतो आणि झाडाच्या सालीवर अक्षरं कोरायला लागतो. लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख. सालीचे तुकडे त्याच्या पायांवर पडतात.

मी या जागी नेहमी अडतो. झाडाचा बुंधा. पिठाची रास. याओ पोरगा झाडाच्या बुंध्याशी उभा राहून मेलेल्याला निरोप देतो आहे. हे ख्रिस्ती आहे की त्याच्या आजोबांचं? विद्वानांनी पुढं यावर परिषदा घेतल्या, आफ्रिकेतलं चर्च आफ्रिकेचं व्हावं तरी कसं म्हणून. त्या गवतात, त्या वासात, ते होऊन गेलं होतं.

मग नऊ महिने चाल. वाटेत उन्यान्येंबेला कॅमेरून नावाचा इंग्रज अधिकारी भेटतो आणि सांगतो, इथंच पुरा. ते नाही म्हणतात. १८७४च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला बागामोयोला पोचतात. एप्रिलच्या १८ तारखेला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत खांदेकरी म्हणून चालताना गोऱ्या माणसांमध्ये एक काळा तरुण दिसतो. तोच जेकब. त्यानं झाडावर कोरलेला भागही पुढं कापून लंडनला नेण्यात आला. काळीज तिथंच राहिलं.

एक मुक्काम अजून. मोंबासा. उतरा, पण सावकाश, धक्का बुळबुळीत आहे. लवंगा, सुकी मासळी, नारळाचा काथ्या आणि खारा वारा. खाडीपलीकडे प्राइससाहेब पुन्हा भेटतील. हो, तेच. शरणपुरातली आफ्रिकन वस्ती आता रिकामी होत आली आहे. १८७५च्या सुमारास इथं मुंबईच्या माजी गव्हर्नरच्या नावानं फ्रिअर टाउन वसलं आणि नाशिक-मुंबईकडून दीडशेच्या आसपास आफ्रिकन माणसं इथं आली. सुतार, लोहार, गवंडी, मास्तर, शिवणकाम येणाऱ्या बाया. किनाऱ्यावर त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणतात. माडांच्या झावळ्यांतून घणाचा आवाज येईल, तो तुम्ही ओळखाल. आणि ती घंटा बघा, खांबांच्या चौकटीत टांगलेली. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात. त्या जागेचं नाव आजही केंगेलेनी आहे. शरणपूरला घंटा प्रार्थनेला बोलावत होती, इथं ती पळा, आत या, दार लावा असं सांगते.

पण मला तुम्हाला राबईला न्यायचं आहे, किनाऱ्यापासून आत, टेकडीवर. चढ आहे, घाम निघेल, वरती वारा लागेल. इथं विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर आहेत, दोघेही शरणपूरचे, बायकांसह १८६४च्या सुमारासच या भागात आलेले, फ्रिअर टाउन वसायच्याही आधी. शिकवतात, प्रवचन करतात, भांडणं मिटवतात. गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखाली वीस वर्षं राबल्यावर १८८५ साली त्यांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. वीस वर्षं! या दिरंगाईचं कोणतंही धर्मशास्त्रीय कारण मला पटत नाही.

मात्र त्यांच्या हाताखाली राबईत जे उभं राहिलं ते बघा. आजूबाजूच्या मळ्यांवरून पळालेले गुलाम रात्री-अपरात्री इथं येतात. झांझिबारच्या सुलतानाच्या कायद्यानं ते मालकाची चीजवस्तू आहेत. मिशनच्या वरिष्ठांना भीती वाटते, मालक चिडतील, दंगा होईल, परवानगी जाईल. पळालेल्यांना ठेवू नका असा त्यांचा आदेश आहे. आणि इथं टेकडीवर झोपड्या वाढतच चालल्या आहेत. मका, कसावा, केळी. विकले गेलेल्या माणसांच्या हाती चर्च आलं तर ते काय करतं, त्याचं उत्तर या झोपड्यांच्या संख्येत आहे. १८८९च्या पहिल्या दिवशी, मालकांना भरपाई देऊन झाल्यावर, इथं चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्तीचे कागद वाटले जातील. तोवर त्यांच्याकडे एवढंच आहे: दार ठोठावलं तर ते उघडेल ही खात्री.

आत्ता रात्र आहे, कागद यायला अजून अवकाश आहे. त्या टोकाच्या घरात तेलाचा दिवा आहे, तिथं ओट्यावर बसा. कोपऱ्यात रंधा ठेवलेला दिसतो. सालींचा वास आहे, सागाचा नाही, आंब्याचा असावा. घराचा मालक वयानं वाढला आहे, पण मान वळवली की तुम्हाला तो पट्टा दिसेल आणि तुम्ही ओळखाल. तुमच्या खिशातली साल त्याला दाखवू नका.

कुत्री भुंकतात. मळ्याच्या बाजूनं पावलं. दाराशी एक बाई, पाय काट्यांनी फाटलेले, कडेवर पोर, धाप लागलेली. गुडघ्यापर्यंत चिखल. ती काही बोलत नाही, बोलायचं काय असतं. तो दार पूर्ण उघडतो. बायको उठून चुलीतला विस्तव फुंकते, मडक्यात पाणी ओतते. पोराला आधी पाणी देतात, मग तिला, मग पुन्हा पोराला. तो चटईवरचं आपलं अंथरूण भिंतीकडे सरकवतो.

मग दिवा जवळ ओढून वही उघडतो आणि तिला नाव विचारतो. ती मालकाचं सांगते, अमक्याची म्हणून. तो मान हलवतो. ते नाही. आईनं ठेवलेलं.

तिला आठवायला थोडा वेळ लागतो. ती हळू सांगते. तो पुन्हा म्हणायला लावतो, कान पुढं करून ऐकतो, आणि लिहून घेतो.